दुसऱ्यांदा परतलेला चेक

डेल्मर स्टकीला आमचं गाव सज्जन म्हणतं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो आणि नाकाने कांदे सोलतो. बँकेत एकोणीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलावर काढलीत, मला नका सांगू.

परत आलेल्या चेकचं काम त्याच्याकडे. खात्यात पैसे नसले की चेक परततो, दहा डॉलर दंड बसतो. मग बँक तोच चेक आणखी एकदा लावून बघते. तेव्हाही परतला, तर तांबडा शिक्का खाऊन दुकानदाराकडे जातो. आमचा किराणावाला तो गल्ल्यामागच्या भिंतीवर चिकटवतो, नावासकट. दुसऱ्यांदा कधी लावायचा, ही डेल्मरची मर्जी. शाळेचा पगार शुक्रवारी होतो हे सगळ्या गावाला ठाऊक, तरी हा शहाणा गुरुवारीच लावायचा.

शाळेत स्वयंपाक करणारी ओलीटा बिव्हन्स एका बुधवारी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. अठरा डॉलरचा चेक होता.

"दोन दिवस थांब रे, डेल्मर. मुलांच्या जेवणाच्या पैशांची पेटी माझ्याकडे असते. भिंतीवर नाव लागलं तर काढून घेतील."

"थांबा असं नियमात कुठं लिहिलंय?"

"थांबू नका असं तरी कुठं लिहिलंय?"

तो चष्मा पुसत बसला.

शनिवारी चेक भिंतीवर होता, सोमवारी पेटी गेली. बावीस वर्षं एक सेंट इकडचा तिकडे न केलेली बाई आता नुसती भांडी घासते.

पुढच्या महिन्यात टाचण्या शोधायला मी त्याचा खण उघडला. आत त्याच्या आईचा, आल्माबाईंचा, परतलेला चेक. वर त्याच्याच अक्षरात चिठ्ठी: 'तीन तारखेनंतर लावणे. पेन्शन.' माझ्या डोक्यात तिडीक गेली. चिठ्ठी फाडली आणि चेक त्याच दिवशी पुन्हा लावायच्या गठ्ठ्यात सरकवला.

शनिवारी दुकानात गेले. ओलीटाच्या चेकशेजारी आल्माबाईंचा चेक लागला होता. ओलीटा तोच बघत होती.

"बघ गं," ती मला म्हणाली, "मी उगाच त्याला शिव्या घालत होते. सख्ख्या आईलाही सोडलं नाही बिचाऱ्याने. नियमाचा पक्का आहे, माझ्यावर काही त्याचा राग नव्हता."

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मी पावाचे पैसे दिले आणि घरी आले.