बायोडाटात न घातलेलं काम

नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं मुलाखतीचं बोलावणं आलं. सोबत बायोडाटा हवा होता. आमच्या घरात तोवर लग्नाचा सोडून दुसरा बायोडाटा कुणी केला नव्हता. लातूरला घरी आलो आणि वडिलांना, अण्णांना, घेऊन टायपिंगच्या दुकानात गेलो.

दहावी-बारावीचे टक्के सांगून झाले. अण्णा म्हणाले, "भूकंपग्रस्ताचा दाखला लिव्ह की."

"अण्णा, ही सरकारी नोकरी न्हाई."

"नसंना का. आपलं घर पडलं ते खोटं हाय का?"

दुकानदार हसला. "घाला हो. पोरं छंदात क्रिकेट लिहितात, बॅट धरलेली नसते. हे तरी खरं हाय."

अण्णा शाळेत शिपाई. त्या दाखल्यासाठी त्यांनी औशाच्या तहसील कचेरीत मारलेल्या चकरा मला माहीत होत्या. ओळ टाईप झाली.

एक गोष्ट मात्र मी सांगितलीच नाही. बारावीला क्लासच्या सरांनी माझी फी घेतली नव्हती. म्हणून पुढे कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. चाचणीचे मार्क भरले की नंबरवार यादी आपोआप निघायची. आधी त्यासाठी शिक्षक दिवसभर बसत. पण ती माझ्या परीनं केलेली उपकाराची फेड होती. नोकरीसाठी ती पुढे करायची, हे मला कसंतरीच वाटलं.

मुलाखतीत साहेब नेमके भूकंपाच्या ओळीवर थांबले. तेव्हा केवढे होतात, घरातलं कोण गेलं, पत्र्याच्या शेडमध्ये शाळा कशी भरायची. फार मायेनं विचारत होते. मीही सांगत गेलो. शेवटी म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही, सर."

निवड झाली नाही. लातूरला क्लासच्या सरांना भेटायला गेलो. प्रोग्रामचं लिहिलं नव्हतं, हे ऐकून ते माझ्याकडे बघतच राहिले.

"का रे? मी तर येईल त्या पालकाला सांगून राहिलो, हे आमच्या पोरानं बनवलंय म्हणून."



पुढे नोकरी लागली, पगारही बरा होता. अण्णा समाधानी होते. पण ते ऑफिसातलं कागदपत्रांचं काम होतं. प्रोग्राम लिहायचं काम मला पुन्हा मिळालं नाही.