एक्केचाळीस हात

आमच्या गावची नाव एक ना एक दिवस बुडणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं. माहीत असल्यासारखा वागला तो एकटा फानूस.

गाव नाईलच्या पश्चिम काठावर आणि मरियम मातेचं चर्च पलीकडे, कड्याच्या पोटात. दफनभूमीही तिथेच. त्यामुळे बाप्तिस्मा असो, लग्न असो की माती, सिदराकच्या नावेत बसल्याशिवाय आमचं काही पार पडत नसे. मी शिकवायचो ती शाळाही पलीकडे असल्याने मी रोजच त्या नावेत असायचो.

फानूस माझा शेजारी. चर्चची भट्टी त्याच्याकडे होती. उपासनेत लागणारी गोल भाकर, कुर्बान, तोच मळायचा आणि तोच भाजायचा. माणूस मायाळू, पण वजन एकशे एकतीस किलो. बाकावर त्याच्याशेजारी कुणी बसत नसे, कारण बसायला जागाच उरत नसे.

त्याची आई गेली तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. शवपेटीला मोठ्या मुलाचा खांदा हवाच. चर्चच्या नव्वद पायऱ्या. चाळिसाव्या पायरीवर त्याचे गुडघे वाकले, खांदा खचला आणि पेटीचा कोपरा दगडावर आपटला. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या कुणीतरी खांदा दिला, पेटी वर गेली आणि फानूस तिथेच पायरीवर बसून राहिला. त्याला धड रडताही येईना, इतका दम लागला होता.

परतताना तो खाली मान घालून नावेत बसला होता. एकदम म्हणाला, "सिदराक, हे पाणी कुठून येतंय?"

"नाईलमधून. आणखी कुठून येणार?" सिदराक तुपाच्या डब्याने पाणी उपसत होता. लोक हसले.

"गेल्या वर्षी ते घोट्याच्या खाली होतं."

"गेल्या वर्षी तूही हलका होतास, भावा."

पुन्हा हसू. फानूस हसला नाही.

त्याच आठवड्यात तो पापकबुलीला अबूना बाखूमकडे गेला. आमचे हे पाद्री बोलायला फटकळ. तिथलं बोलणं फानूसनेच मला नंतर सांगितलं.

"अबूना, मी आईला खांद्यावरून पाडलं."

"पाडलंस खरं."

"मी वर्षाचे दोनशे दिवस उपास करतो. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही."

"आणि त्या दोनशे दिवसांत बाकल्याचे तळलेले वडे, तामिये, किती खातोस? तिळाचा हलवा किती? त्या उपासाने जनावरं वाचतात रे, तू नाही." मग म्हणाले, "हे शरीर तुझ्या मालकीचं नाही, फानूस. सांभाळायला दिलंय. उद्या देवानं सांगितलं, अमक्याला उचल, तर काय म्हणशील? थांब, दम लागलाय?"

दुसऱ्या दिवसापासून फानूस पहाटे भट्टी पेटवण्याआधी कालव्याच्या पुलापर्यंत चालायला लागला. हलवा बंद, चहात साखर बंद. उपासाला वाफवलेल्या बाकल्याच्या शेंगा, कांदा, लिंबू. कॉफीवाल्याच्या बाकावरची मंडळी रोज टोमणे मारायची. "फानूस, जरा हळू चाल, जमीन हादरतेय!" "अरे, दुसरं लग्न करायचंय की काय?" तो हात हलवून पुढे जायचा.

उन्हाळ्यात तो पाण्यात उतरला तेव्हा मात्र गावाला तो वेडा वाटला. एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडून तो पोहायला शिकत होता. आमच्या एकशे एक्केचाळीस घरांत पोहता येणारी माणसं दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावी इतकीच.

मी विचारलं, "चालणं कळलं. पण पोहणं कशाला, या वयात?"

त्याने नावेकडे नुसती हनुवटी केली. ती काठाला टेकून होती, जरा एका बाजूला कललेली. मी विषय बदलला.

प्रार्थनेत आम्ही 'प्रभू, दया कर' एक्केचाळीस वेळा म्हणतो. फानूस ती प्रार्थना पाण्यात म्हणायचा. एका हाताला एकदा. एक्केचाळीस हात मारायचे, उताणं तरंगून श्वास घ्यायचा, मग पुन्हा एक्केचाळीस. पहिल्या वर्षी तो काठच्या लव्हाळ्यांच्या आडोशालाच राहिला. दुसऱ्या वर्षी नदी पार करून परत यायला लागला. वजन चौऱ्याऐंशीवर आलं. खांदे भरले, झगा अंगावर लोंबायला लागला.

आणि नावेतलं पाणी पोटरीपर्यंत आलं.

त्याने कुठूनतरी ट्रकच्या सहा जुन्या ट्यूब आणल्या, फुगवल्या आणि नावेच्या कडेला बांधल्या. आठवड्याभरात सिदराकने त्यातल्या चार सोडून टाकल्या. "लोक बघतात आणि विचारतात, नाव बुडणार आहे का? माझ्या पोटावर पाय देतोस होय रे?"

फानूसची बायको इस्तीर. तिला शिकवायचा त्याने किती प्रयत्न केला.

"अगं, पहाटे तिथे कुणी नसतं. झग्यासकट उतर. नुसतं तरंगायला शीक."

"मी? बावन्न वर्षांची बाई म्हशीसारखी पाण्यात? तू पोहतोस तेवढं पुरे. मला काय, तू काढशीलच."

 तेव्हाचा त्याचा चेहरा मी पाहिला होता.

मरियमेच्या सणाचा दिवस, ऑगस्टची दुपार. पंधरा दिवसांचा उपास सुटलेला, सगळ्यांच्या हातात डबे, पोरं नव्या कपड्यांत. पंचवीस माणसांची नाव. मी साठपर्यंत मोजली आणि मग मोजणं सोडलं. फानूस काठावर सिदराकशी भांडला, अर्धे उतरव म्हणाला. बायकाच त्याच्यावर ओरडल्या, "सणाच्या दिवशी अभद्र बोलू नकोस!" मग तोही चढला. इस्तीर आत होती ना.

नदीच्या मधोमध चुनखडीने भरलेली मोठी बार्ज जवळून गेली. तिची पहिली लाट आली तेव्हा पोरं खिदळली. दुसरी आली तेव्हा सगळे एका बाजूला सरकले. ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. वर आकाश होतं, मग हिरवं पाणी होतं.

माझ्या मानेला मागून कुणीतरी धरलं. "हात मारू नकोस. माझ्याकडे बघू नकोस. आकाशाकडे बघ," फानूस म्हणत होता. त्याने मला ट्यूबपर्यंत ओढत नेलं आणि लगेच वळला. त्याने आठ जणांना वाचवलं. त्यातला तिसरा मी.

ट्यूबला लटकून मी पुढचं पाहिलं. इस्तीरने एक फळी धरली होती. तो तिच्याकडे झेपावला तशी ती ओरडली, "मी धरलंय! त्या पोरींकडे जा आधी!" तो गेला. दोघींना घेऊन आला. पुन्हा गेला. तो परत आला तेव्हा फळी होती, पण इस्तीर नव्हती.

उलटलेल्या नावेला आणि ट्यूबना लटकलेल्यांना मच्छीमारांनी काढलं. एकोणीस माणसं गेली. सिदराकही गेला.

गावाने फानूसला संत करून टाकलं. म्हाताऱ्या बायका त्याच्या हाताचं चुंबन घ्यायला यायच्या, तो हात मागे घ्यायचा. चाळीस दिवस तो पाण्याजवळ फिरकला नाही. एकदाच मला म्हणाला, "ती खोटं बोलली, मास्तर. तिला धरता येत नव्हतं. आणि मला ते कळत होतं."

एक्केचाळिसाव्या दिवशी तो अबूनांकडे गेला. मी सोबत होतो.

"अबूना, रविवारच्या शाळेत पोरींना पोहायला शिकवायचंय. उथळ पाण्यात, त्यांच्या आयांसमोर. तुम्ही वेदीवरून सांगा."

अबूना म्हणाले, "लोक माझी दाढी उपटतील."

"उपटू द्या."

अबूनांनी सांगितलं. पहिल्या रविवारी तीन पोरी आल्या. दुसऱ्या वर्षी तीस होत्या.

पण नाव तर लागतेच. नवी आली, सिदराकच्या पुतण्याची, निळ्या रंगाची, तीस माणसांची. पुढच्याच सणाला काठावर दोनशे लोक जमले आणि पुतण्या हाका मारायला लागला, "चला, सरका, सरका, होईल जागा!"

फानूस फळीवर जाऊन उभा राहिला. तीस झाले आणि त्याने हात आडवा केला.

"बाजूला हो काका."

"हटव मला."

पुतण्याने ढकलून पाहिलं. दोघा-तिघांनी पाहिलं. ते चौऱ्याऐंशी किलो आता हलत नव्हते. शिव्या पडल्या, पण लोक थांबले. नावेने सात खेपा केल्या.

परतीच्या वेळी घोटाळा झाला. फानूस दिवसभर अलीकडच्याच काठावर होता आणि पलीकडे, ऊन उतरताना, लोक नावेत चढायला लागले होते. इथूनही दिसत होतं, निळी कड पाण्याला टेकत चालली होती. फानूसने हाका मारल्या. वारा उलटा होता. मग त्याने झगा काढून माझ्या हातात दिला आणि उडी घेतली.

तो पोचला. ओल्या अंगाने पलीकडच्या फळीवर उभा राहिला आणि नाव अर्धी रिकामी करूनच सोडली. त्या दिवशी कुणी गेलं नाही.

आता तो सत्तावन्नचा आहे. सकाळी पाण्यातून बाहेर आला की हल्ली काठावर बराच वेळ बसून राहतो, डावा खांदा चोळत. काठ दोन आहेत आणि फानूस एक. पुतण्याने परवा नावेच्या तळाला डांबर लावलं. का लावावं लागलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.