बामीबायची हाक

प्रिय इरा आणि कबीर,

तुमच्या शाळेने तुम्हाला महायुद्धातल्या भूमिगत लढवय्यांच्या स्मारकाला नेलं. तिथे कुणीतरी नुसती नावं वाचली आणि सगळे थोडा वेळ शांत उभे राहिले, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मग इराने विचारलं, "आजी, तुमच्याकडे काय करतात?" मी म्हटलं, "शांतता सोडून सगळं करतात." फोन ठेवल्यावर वाटलं, मुलांना उत्तर नीट द्यायला हवं. त्याच आठवड्यात उलव्याला एका चौकाचं उद्घाटन होतं. पुढच्या सुट्टीत तुमचं विमान जिथे उतरेल, तिथलीच ती गोष्ट होती. म्हणून वाशीहून निघाले.

आधी टॅक्सीने करंजाड्याला गेले, हिराबायला घ्यायला. पूर्वी ती आमच्या सोसायटीत मासे विकायला यायची. तिचं खाडीकाठचं गाव विमानतळात गेलं आणि बदल्यात करंजाड्याला जागा मिळाली. आता तिथे तिच्या मुलांची तीन मजली इमारत आहे, भाडेकरूंसकट. नव्वदीला टेकलेली हिराबाय तळमजल्यावर नवं लुगडं नेसून तयार बसली होती. तिने मला जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. "तिकरं भाषनं हायेत बाई, जेवन कवा भेटंल काय म्हाईत," ती म्हणाली. तिला अनुभव होता.

टॅक्सीत तिने मला तिच्या आईची, बामीबायची गोष्ट पुन्हा सांगितली. तुम्हालाही ती माहीत असायला हवी.

त्यांची भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचायची ती मातीच्या लांब बांधामुळे. भरतीच्या पाण्याने बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड गेली म्हणायचे. ज्याला दिसेल त्याने "खांड गेलीऽऽ" अशी हाक द्यायची आणि घरटी एका माणसाने, ताटावर बसलेला असला तरी, फावडं घेऊन धावायचं. ही हाक कधीही खोटी द्यायची नाही, हा गावाचा नियम. भांडणात नाही, दारू प्यायल्यावरही नाही.

बेचाळीसच्या चळवळीत दोन भूमिगत कार्यकर्ते बामीबायच्या पेंढ्यात लपले होते. भर दुपारी पोलीस आले. वाट दाखवायला गावचा पोलीस पाटील पुढे होता. बामीबायने अंगणात येऊन हाक दिली. सगळं गाव धावलं. पोलीस पाटीलही धावला, कारण बांधाला लागून पहिलं शेत त्याचंच होतं. या गोंधळात ती दोन पोरं होडीतून पलीकडे गेली. बांध मात्र शाबूत होता.

"मंग गावानं आयला टाकलीच," हिराबाय म्हणाली. "लगनात अक्षता नाय, मयताला बोलावनं नाय. सवराज्य आल्यावर तिनं खरं सांगतलं, तर म्हनतात, आता काय, कोनपन सांगंल. मरंस्तवर खोटी हाक देनारी म्हनत व्हते."

"आणि आता तिच्या नावाचा चौक होतोय."

"चौक नको मना. गावानं म्हनावं, आमी चुकलो. येवरंच."

एवढ्यात टॅक्सी थांबली. समोर उंच भिंत होती. हिराबायने निघताना सवयीने आपल्या गावाचं नाव सांगितलं होतं; चालकाच्या फोनवरच्या नकाशात ते जुनं गाव अजून जिवंत होतं आणि त्याने आम्हाला इमानदारीने तिथेच आणलं होतं. पहारेकरी म्हणाला, "इधर कोई गाव नहीं है, माताजी." हिराबायने काचेतून भिंतीकडे बोट केलं. "ह्याच्या मांगं आमचा बांध व्हता." तिथून एक विमान उठलं. आम्ही गाडी वळवली.

उलव्याच्या चौकात मांडव होता. फलकावर निम्म्या जागेत प्रमुख पाहुणे, उरलेल्यात त्यांचे कार्यकर्ते, आणि खालच्या कोपऱ्यात बामीबायचा फोटो. मांडवात तोच फोटो मोठा करून, हार घालून ठेवला होता. हिराबाय जवळ जाऊन बघत राहिली.

"बाई, ही मी हाय."

समितीचे चिटणीस धावत आले. "आजी, आईंचा फोटोच नव्हता ना कुठे. तुमचाच घेतला, कंप्युटरवर जुना केला. टेन्शन घेऊ नका."

"हार घातलाव, मं अगरबत्ती पन लाव. मी बसतंय समोर."

पुतळा त्याहून भारी होता. बामीबायच्या हातात तलवार होती. मी चिटणिसांना तलवारीचं कारण विचारलं. "मॅडम, वीरांगना म्हटल्यावर तलवार येतेच. साच्यातच आहे." आणि होडी? "होडी ठेवली तर वळणावर गाड्या दिसत नाहीत."

प्रमुख पाहुणे इतके उशिरा आले की त्यांच्या स्वागताची रांगोळी दोनदा पुसली गेली. त्यांनी बामीबायने तलवारीने इंग्रजांना कसं पळवलं ते सांगितलं, विमानतळाचं श्रेय योग्य ठिकाणी दिलं आणि पुढच्या उद्घाटनाला निघून गेले. पत्रिकेत हिराबायचे 'दोन शब्द' छापले होते. चिटणीस म्हणाले, "आजी, नंतर बघू. आधी जेवून घ्या." ध्वनिक्षेपकवाला तारा गुंडाळत होता. लोकांच्या हातात ताटल्या आल्या होत्या.

हिराबाय माझा खांदा धरून उठली. मला वाटलं, घरी जायचं म्हणतेय. तिने तोंडाशी हात धरला.

"खांड गेलीऽऽ!"

इतक्या वाळक्या देहात एवढा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. पांढऱ्या सफारीतले, सोन्याच्या साखळ्या घातलेले, आता इमारतींचे मालक असलेले जुन्या गावचे सगळे म्हातारे एका झटक्यात उभे राहिले. खुर्च्या पडल्या. एकाने विजारीचे पाय वर खोचले. कुणी खाडीकडे तोंड केलं, कुणी स्टेशनकडे. तरुण मंडळी जिलबी हातात धरून बघत होती.

"कुटं? कुटं गेली?" महादूशेठ ओरडले. हे त्याच पोलीस पाटलाचे चिरंजीव.

"कुटंच नाय," हिराबाय म्हणाली. "आयनं पन अशीच दिली व्हती. तुजा बा धावला, महादू, म्हनून दोन पोरं जगली. आता तू पन उटलास. बोल, काय म्हनतंस?"

महादूशेठनी हातातली ताटली खुर्चीवर ठेवली. पुतळ्याकडे नाही, हिराबायकडे बघत ते म्हणाले, "बामीकाकीला आमी खोटी म्हनलो. आमी चुकलो."

मग कुणीही न सांगता मांडव गप्प झाला. ताटलीचाही आवाज आला नाही. इरा, तुला दिलेलं उत्तर मी तेवढ्यापुरतं दुरुस्त करते.

परतताना हिराबायने तो फोटो मागून घेतला. "बरा आलाय. माजे वेलेला कामाला येल." करंजाड्यापर्यंत तो तिने मांडीवर धरला होता, हार काढून.

बाळांनो, विमान उतरताना खिडकीतून बांध शोधू नका. बांध राहिला नाही, गाव राहिलं नाही, बामीबायचा फोटो तर कधी नव्हताच. तिची हाक मात्र आहे, आणि ती ऐकून उठणारी माणसं अजून आहेत.

तुमची,
आजी