पाणी कुठवर येतं?

मला शांतता सोसत नाही. जन्म पंचवटीत गेला. भाजीवाल्यांच्या आरोळ्या आणि रिक्षांचे हॉर्न कानावर पडल्याशिवाय माझी सकाळ होत नाही. आणि लेकीनं मला नेऊन ठेवलं इंग्लंडातल्या एका नदीकाठच्या खेड्यात, चांगलं महिनाभर! परत नाशकात आले, तरी ते गाव डोक्यातून जात नाही.

गाव म्हणजे काय, तर पिवळसर दगडाची घरं, एक चर्च, एक जुना पूल आणि गवताला घासत जाणारी नदी. ती इतकी संथ, की चालतेय का थांबलीय हे बघायला मी तिच्यात पान टाकायची. त्या पाण्यात कुणी कपडे धूत नाही, दिवा सोडत नाही, साधा पायसुद्धा बुडवत नाही. दोन हंस तेवढे मालक असल्यासारखे हिंडतात. वाटेत माणसं भेटायची, आज हवा छान आहे म्हणायची आणि आपापल्या कुत्र्यामागे निघून जायची. रोज तेच.

लेकीचं भाड्याचं घर वर टेकडीवर. मी दिवसभर खिडकीतून दारात, दारातून खिडकीत. "आई, बस ना गं जरा," ती म्हणायची. बसणार कशी? ही बया अगदी पाण्याला लागून असलेलं घर विकत घ्यायला निघाली होती. आठवड्याभरात सह्या व्हायच्या होत्या.

घर बघायला मलाही नेलं. दारापासून नदी हाकेच्या अंतरावरसुद्धा नाही, पायाशीच. स्वयंपाकघरात गेले आणि नजर भिंतीवर अडकली. प्लग सगळे छातीच्या उंचीला! खाली एकही नाही. आमच्या गल्लीतल्या दुकानांत मीटर असेच वर चढवलेत, आणि ते का, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, त्यावर आमचं सामान माळ्यावर चढतं. घर दाखवणारा सूटबूटवाला मात्र उजेडाचं कौतुक करत होता. मेल्या, पाण्याचं बोल की!

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली आणि मी भिंती बघत निघाले. पुराची खूण कुठंतरी असणारच. पण सगळं कसं रंगवून चकाचक. त्याच काठावरच्या एका घराच्या कोपऱ्यावर पुसटशी रेघ दिसली, तशी मी सरळ त्यांच्या बागेत शिरले आणि वाकून बघायला लागले. आतून एक म्हातारी बाई बाहेर आली. माझी बोबडीच वळली. अंगावर साडी, पायात लेकीचे बूट, आणि परक्याच्या बागेत! येत होतं तेवढं इंग्रजीही पळालं. मी नदीकडे बोट दाखवलं, मग हात घोट्याला लावला, गुडघ्याला लावला, कमरेला लावला, आणि भुवया उडवल्या. बाईंना बरोबर कळलं. त्यांनी माझा हात धरून पार माझ्या छातीपर्यंत नेला. मग आत बोलावून चहा पाजला.

संध्याकाळी लेक घरात पाऊल टाकते न टाकते तोच मी सुरू झाले. "अगं, छातीभर पाणी येतं तिथं! काठावरच्या म्हाताऱ्या बाईंनी दाखवलं मला. डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नदीकाठी वाढलीस ना तू?"

तिनं शांतपणे बूट काढले. "मला माहितीये, आई. त्या बाईंनीच सांगितलंय."

"मग?"

"मागच्या पुरात काठावरचे सगळे त्यांच्या वरच्या मजल्यावर जमले होते म्हणे. कुणी सूप आणलं, कुणी पत्ते. पाणी उतरलं तरी कुणी घरी जाईना." तिनं बूट दाराशी नीट लावून ठेवले. "मी इथं टेकडीवर चार वर्षं राहतेय. घर कोरडं ठणठणीत. पण पार्सलवाला सोडला तर माझं दार आजवर कुणी वाजवलेलं नाही."

महिनाभरात माझा जीव नकोसा झाला होता, आणि ही पोर चार वर्षं ते सोसत होती. वर रोज फोनवर, मजेत आहे गं, म्हणून सांगत होती.

"घे ते घर," मी म्हटलं. "आणि पाणी चढायला लागलं की आधी त्या बाईंकडे जा. मला फोन नंतर कर."