सासऱ्यांच्या घड्याळाची किंमत

मीटरवाल्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून विजेच्या मीटरचे आकडे टिपले. कुणी चहा विचारला तरी आधी आकडा, मग चहा. दिसेल ते सांगून टाकायचं, एवढाच काय तो त्यांचा दुर्गुण. त्यांच्याच लग्नात सासरे मनगटाकडे बघून म्हणाले, "अजून वेळ आहे." नवरदेव म्हणाले, "तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे."

सासरे त्यानंतर एकोणीस वर्षं जावयाशी एक अक्षरही बोलले नाहीत. जावई समोर बसलेला असला तरी मुलीला सांगत, "त्यांना म्हणावं, पंखा लावा."

सासरे वारले. मृत्युपत्रात घर मुलाला, दागिने मुलीला आणि घड्याळ जावयाला. मेहुण्याच्या पोटात दुखू लागलं.

"भाऊजी, बाबांनी उगीच नाही दिलं. सोन्याचं असणार. याच्या किमतीत घर येईल म्हणायचे."

"घर तुम्हाला मिळालंच आहे," मीटरवाले म्हणाले.

तरी दोघं घड्याळजीकडे गेले. जिन्याखालचं दुकान, बसायला एकच स्टूल. त्यावर मेहुणा बसला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं.

"सोनं नाही, मुलामा आहे. कडांना पितळ दिसतंय. तबकडी नंतर रंगवलेली. चावी दुसऱ्याच घड्याळाची."

"मग मूळचं काय राहिलं?" मेहुण्याने विचारलं.

"मशीन. सतरा ज्वेलचं, अस्सल. नंबरावरून साठेक वर्षांचं."

मग त्याने झाकणाची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने बारीक तारखा कोरल्या होत्या. "दुरुस्तीला उघडलं की आम्ही तारीख टाकतो."

पहिली तारीख मीटरवाल्यांनी दोनदा वाचली. त्यांच्या लग्नानंतरचा चौथा दिवस. त्याखाली दरवर्षीची एक.

"त्याआधी कधी उघडलेलं दिसत नाही," घड्याळजी म्हणाला. "नंतर मात्र माणूस हात धुऊन मागे लागलेला दिसतोय."

"किंमत बोला," मेहुणा म्हणाला.

"बऱ्यापैकी मिक्सर येईल."

मेहुणा स्टुलावरून उठला. "राहू द्या भाऊजी, तुमच्याकडेच. बाबांची आठवण आहे," तो म्हणाला, आणि रस्त्याने सगळा वेळ फार जिव्हाळ्याने बोलला.

घरी बायकोला तारखांचं सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे बाबांनी मनावर घेतलं होतं."

"हो."

"मग बोलायचे का नाहीत?"

"घड्याळ नीट व्हायची वाट बघत असतील. अजूनही दिवसाला मिनिटभर मागे पडतं."

ती हसली, मग बराच वेळ रडली. मीटरवाले शेजारी बसून राहिले. डोळे पुसून तिने घड्याळ स्वतःच्या हातात घातलं. ते घसरून कोपरापर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी मीटरवाल्यांनी चपला शिवणाऱ्याकडून पट्ट्याला दोन भोकं पाडून आणली. तरी सैलच होतं. भांडी घासताना ती ते काढून खिडकीत ठेवते.