पुतणीची स्वामीमलैची बस
वितळलेल्या मेणाचा वास आला की मला ती दुपार आठवते. फिजिओथेरपी शिकणारी माझी पुतणी परदेशात भूकंपग्रस्तांच्या छावणीत महिनाभर काम करून आली आणि उरलेली सुट्टी कुंभकोणमला आमच्याकडे राहिली. तिच्या फोनमधले छावणीतले फोटो पाहून, ही सेवा पुढच्या शिक्षणाच्या अर्जासाठीच, असं माझ्या मनाने घेतलं. त्यात ती रोज जेवण झालं की जवळच्या स्वामीमलै गावाची बस धरायची. विचारलं तर म्हणायची, "काम आहे, काकू." कुणीतरी मुलगा असणार, या संशयाने एक दिवस मीही त्याच बसमध्ये मागून चढले आणि तिच्या मागोमाग मूर्ती ओतणाऱ्यांच्या एका कारखान्यात शिरले. आत धूर, ओली माती आणि चुलीवर मूर्तींच्या नमुन्यांसाठी मेण वितळवायची कढई होती. मागच्या पडवीत ती एका म्हाताऱ्या कारागिराचा भाजून आखडलेला हात मांडीवर घेऊन एकेक बोट हळूहळू उघडत होती. "इथले फोटो नाही काढलेस?" मी विचारलं. "त्यांना हात दाखवायची लाज वाटते, म्हणून घरी बोलले नाही," ती म्हणाली. तेवढ्यात म्हाताऱ्याने मला पाहिलं आणि हात धोतरात लपवला. दुसऱ्या दिवशी तो पडवीत आला नाही, नंतरही नाही. आता ती पुन्हा परदेशात छावणीत आहे. दर रविवारी फोनवर जेवणाचं, हवेचं सगळं सांगते. पेशंटविषयी मात्र मला एक शब्द सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.