डॉक्टरांना कोरी रायफल पाहिजे!

बंदुका दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात किस्से साचणार नाहीत तर कुठे साचणार? गिऱ्हाईक बंदूक टाकून जायचं आणि जाताना सोबत एखादी भानगडही ठेवून जायचं. बंदूक आम्ही परत करायचो. भानगड आमच्याकडेच राहायची!

हे वर्कशॉप विरारला, पास्कूदादाचं. लोखंडाचं काम त्याचं, लाकडाचं माझं. मी मूळचा निर्मळचा सुतार. पण लढाई संपली, पलटणीतल्या बाद झालेल्या एकनळी रायफली लिलावात निघाल्या, आणि आमच्या बागायतदारांनी रानडुकरं घालवायला लायसनं काढून त्या घेतल्या. आज घेतल्या की उद्या आमच्या दारात! कुणाला नळी आखूड हवी, कुणाला दस्ता बारीक हवा, कुणाला नळीतले आटे घासून छर्ऱ्याचं काडतूस चालेल असं करून हवं. फौजेची रायफल जशीच्या तशी वापरील असा माणूस आमच्या भागात जन्मालाच आला नव्हता.

अशा जागी एका रविवारी गिरगावातले दातांचे डॉक्टर येऊन ठेपले. त्यांना जुन्या फौजी बंदुका जमवायचा नाद. घरात भिंतभर लावलेल्या. त्यात ही एकनळी तेवढी राहिली होती, आणि ती त्यांना कोरी पाहिजे होती. न कापलेली, न घासलेली, जमलं तर एकदाही न उडवलेली!

मी पास्कूदादाकडे बघितलं. पास्कूदादाने हातातली करवत हळूच मागे ठेवली.

*

त्याच दिवशीची गोष्ट. पाहुणा आला म्हणून पास्कूदादाने चहा टाकला. चूल पेटेना, म्हणून त्याने कोपऱ्यातली फुंकणी घेतली आणि फुंकायला लागला. डॉक्टर बघतच राहिले.

"ही फुंकणी कुठली हो?"

"ही? निर्मळच्या नानूची. तो फुलं घेऊन सायकलवर येतो ना, त्याने कॅरिअरला रायफल आडवी बांधली की ती वाटेतल्या कुंपणांत अडकायची. हातभर नळी कापून दिली."

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "आणि बाकीची रायफल?"

"सायकलवर!"

डॉक्टरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

*

मग त्यांनी आम्हाला समजावलं. अशा वस्तूला हात लावला की तिची किंमत उतरते. जितकं कमी काम केलेलं, तितकं मोल जास्त.

पास्कूदादाने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे काहीच काम न करण्याचे पैसे?"

"तसंच म्हणा."

"मग रायफलीच कशाला बघता, डॉक्टर? आमच्या मेव्हण्याला न्या की!"

*

अर्नाळ्याच्या हशा कोळ्याकडे एक आहे असं कळलं. वाळत घातलेल्या बोंबलांवर घारी येतात, त्यांना भेवडवायला घेतलेली. डॉक्टर भर उन्हात वाळू तुडवत गेले. मी बरोबर होतोच.

हशाने अभिमानाने बंदूक बाहेर काढली. वरपासून खालपर्यंत काळी कुळकुळीत! होडीला लावतात ते डांबर, तीन हात. दस्त्याला माशाचं तेल.

"डॉक्टर, पानी लागूच देत न्हाय मी हिला! समुद्रात फेका, आठ दिसांनी काढा, तशीच र्‍हाईल!"

डॉक्टरांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि नळीत डोकावले. आतही डांबर होतं.

"हशा, ही उडते तरी कशी?"

"उडवायला कशाला पायजे? वास आला का घार जवल येत न्हाय!"

*

आता तात्यांचा किस्सा. निर्मळचे तात्या म्हणजे केळीचे मोठे बागायतदार, आणि त्यांची रायफल अगदी कोरी होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. मीच मूर्ख! उत्साहाच्या भरात आधी निरोप धाडला, "रविवारी मुंबईचे डॉक्टर रायफल बघायला येणार."

बघायला येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं ते सांगायला हवं का? अख्खं घर कामाला लागलं. लोखंड चिंच आणि राखेने घासलं. लाकडाला कपाटाचं पॉलिश मारलं. आम्ही पोचलो तेव्हा रायफल पाटावर, सोनचाफ्याचा हार घालून, आणि समोर पोह्यांच्या बशा!

डॉक्टरांनी हार बाजूला केला. बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. "तात्या, इथे फौजेचा शिक्का असतो. आणि खाली नंबर."

"होता ना! काय खोल होता म्हणून सांगू. दोन दिवस कानस मारली तेव्हा गेला. आता बघा कशी गुळगुळीत झाली!"

डॉक्टरांनी पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले, आणि चपला घालून ते निघाले.

नंबर घासल्याचं कळल्यावर पास्कूदादा मात्र हादरला आणि तात्यांकडे धावला. "अरे जेजू! तात्या, लायसनवर नंबर लिहिलेला असतो, तुरुंगात जाशील!" तात्या स्वतःच लायसन घेऊन फौजदारांकडे गेले. फौजदार म्हणाले, "लायसनवर नंबर आहे, बंदुकीवर नाही, हे काय?"

तात्या म्हणाले, "मग झालं की! कुठेतरी आहे ना?"

नंबर पुन्हा ठोकून घ्यायला तात्यांना कलेक्टर कचेरीच्या सहा खेपा पडल्या.

*

आता माझंही सांगतो. दुसऱ्याचं हसं करायचं आणि आपलं झाकायचं, हे बरं नाही.

एकदा मी एक दस्ता तासून तयार ठेवला होता. डॉक्टरांनी उचलला, उजेडात धरला. खाली, रंधा नीट न पोचलेल्या कोपऱ्यात, चाकूने कोरलेली अडीच अक्षरं राहिली होती. कुणा शिपायाने स्वतःचं नाव घातलं असणार. मला वाटलं, पोरासोरांनी लाकूड खराब केलंय, म्हणून साफ केलं.

"काय नाव होतं, आठवतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मला आठवेना. मी वाचलंच नव्हतं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते "असू दे" म्हणाले, आणि मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पास्कूदादाला म्हटलं, या माणसाला कोरी रायफल मिळवून दिल्याशिवाय मी राहणार नाही.

*

आणि मिळाली! निर्मळच्या देवळामागे आक्का राहायच्या. त्यांच्या यजमानांनी लिलावात रायफल घेतली आणि महिन्याभरात ते गेले. लायसन दिरांच्या नावावर झालं, पण रायफल माळ्यावर तशीच पडलेली. फौजेच्या कागदात, फौजेच्या ग्रीसमध्ये. कुणी उघडलीसुद्धा नव्हती. या खेपेला मी आधी निरोप धाडला नाही, डॉक्टरांना आणि पास्कूदादाला थेट घेऊन गेलो.

कागद सोडला. शिक्का जागेवर. नंबर जागेवर. डॉक्टरांनी आरसा धरून नळीत पाहिलं. "आक्का, ही एकदाही उडवलेली नाही!" डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या.

"नाही ना?" आक्का म्हणाल्या. "मग चालते का बघा आधी. न बघता वस्तू मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही."

"अहो, उडवली नाही म्हणूनच तर तिला मोल!"

"उद्या ती नादुरुस्त निघाली, तर आमच्या ह्यांच्या नावाला बट्टा. उडवा, नाहीतर राहू दे."

डॉक्टरांनी हात जोडले. पास्कूदादाने गळ घातली. आक्का ढिम्म! शेवटी पास्कूदादा म्हणाला, "आणा, मी उडवतो."

"तू कशाला? घेणार कोण? त्यांनीच उडवायची."

तेव्हा डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "मी आजवर एकही बंदूक उडवलेली नाही."

भिंतभर बंदुका, आणि एकही नाही!

पास्कूदादाने घासलेटने ग्रीस धुतलं. डॉक्टर बाजूला उभे राहून बघत होते, आपलाच दात कुणी काढावा तसे. आक्कांनी बांधावर एक फुटकं मडकं ठेवलं आणि यजमानांनी रायफलीबरोबर आणलेलं काडतुसांचं पुडकं बाहेर काढलं. त्यातलं एक दिलं. पास्कूदादाने दस्ता डॉक्टरांच्या खांद्याला घट्ट टेकवून दिला. डॉक्टरांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि चाप ओढला.

केवढा आवाज झाला! झाडांवरचे कावळे उठले. मडकं जागच्या जागी, आणि डॉक्टर अळवाच्या वाफ्यात उताणे! चष्मा एकीकडे, टोपी एकीकडे. रायफल मात्र छातीशी धरलेली.

आम्ही कुणीच हसलो नाही. किती महिने शोधलेली कोरी रायफल, क्षणात कोरी राहिली नव्हती. आक्का मात्र खूश. "चालते! न्या आता."

डॉक्टर चिखलातच उठून बसले. मी चष्मा पुसून दिला, तो त्यांनी डोळ्यांवर चढवला. बांधावरच्या मडक्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले,

"आक्का, त्या पुडक्यात अजून किती आहेत?"